शेळी आणि रेडा

प्रिय बाबा,

खाली वळणावर रेडा उभा आहे आणि त्यात मी बसले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मघाशी इंजिनाचा आवाज ऐकून तुम्ही बाहेर डोकावलात, रेडा दिसला आणि गॅरेजचं शटर खाली ओढलंत. मी वर येऊन शटरवर थाप मारली, तर तुम्ही रेडिओ मोठा केलात. रेडिओवर कुणीतरी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करत होतं. ती तुम्ही इतकं मन लावून ऐकलीत, की मला तिथेही हसू आलं. ‘बाबा, मी आहे’ म्हणून हाक मारली. जाहिरात संपली, गाणं लागलं, शटर खालीच. म्हणून परत गाडीत येऊन बसले आणि लेकीच्या वहीची मधली पानं फाडून हे लिहिते आहे. बोलण्यात मी तुमच्यापुढे कधीच टिकले नाही. पण लिहिलेलं तुम्ही टाकून देत नाही. पुड्याला बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून वाचता. तेवढ्याच भरवशावर आहे.

मागणं आधीच मांडते. आज, आत्ता, माझ्याबरोबर शहरात चला. याच गाडीतून. कशासाठी, ते शेवटी सांगेन. लपवायचं म्हणून नाही. आधी सांगितलं तर तुम्ही एका वाक्यात त्याची वाट लावाल, आणि ते वाक्य कोणतं हेही मला माहीत आहे. म्हणून गाडीपासून सुरुवात करते. आपल्या घरात माणसापर्यंत पोचायचं तर आधी गाडीखाली शिरावं लागतं.

आतून कानशीचा आवाज येतो आहे. काहीतरी घासताय. तो येतो आहे तोवर मी नीट लिहू शकते.

रेडा हे नाव तुमचंच. ही पिकअप पहिल्यांदा दारात आली तेव्हा तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत, हौद्यावर हात आपटलात, वाकून पोट पाहिलंत आणि म्हणालात, “रेडा आणलास. ओझं वाहील, पण वळवायला गाव मोकळं करावं लागेल.” ती आणणारा माझा नवरा, तोही तुमचाच मुलगा. लगेच म्हणाला, “आणि तुमची ती शेळी? दगडावर उड्या मारते, पण पाठीवर दोन पोती टाकली की बसते.” त्या दिवसापासून तुमची जुनी जीप शेळी झाली आणि आमची पिकअप रेडा. लेक तर शाळेत विचारलं तेव्हा आमच्याकडे एक शेळी आणि एक रेडा आहे असं सांगून आली, आणि तिच्या बाईंनी मला विचारलं, दूध कोण देतं?

जेवायला बसलं की तुमचं सुरू. तुम्ही म्हणायचात, शेळीचे दोन्ही अ‍ॅक्सल सलग लोखंडाचे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं जमिनीत दाबलं जातं, पकड सुटत नाही. रेड्याची पुढची चाकं सुटी सुटी, डांबरावर लाड करतात, पण खडकात गेली की लंगडी घालतात. आणि पोट इतकं लांब की उंचवटा आला की टेकलंच. तो म्हणायचा, शेळीत बसून वर जाल, पण वर काय नेणार? स्वतःचा डबा? खाणीवर गिअरबॉक्स पोचवायचा, पाण्याची टाकी पोचवायची, परत येताना बंद पडलेला ट्रक टोचन लावून खाली आणायचा, हे शेळीनं करून दाखवावं. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून निवाडा माझ्याकडे यायचा. मी विचारायची, रस्ता कोणता? ओझं किती? चढ की उतार? हे कळल्याशिवाय दणकट कोण हे कसं ठरवणार? तुम्ही दोघं एका सुरात ओरडायचात, “मास्तरीण, पास की नापास तेवढं सांग!”

एकदा मात्र मला वाटलं होतं की निकाल लागला. वरच्या खाणीचा रस्ता पावसानं खचला होता आणि रेडा चिखलात पोटावर बसला. तुम्ही शेळी घेऊन गेलात, दोर बांधलात आणि त्याला अलगद बाहेर काढलंत. तुमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असणार. पण परतताना शेळी बंद पडली, म्हणून त्याच दोराचं दुसरं टोक रेड्याला बांधून त्यानं तुम्हाला घरी आणलं. दोघं चिखलानं माखून दारात उतरलात आणि दोघंही एकाच वेळी म्हणालात, “मी नसतो तर हा आला असता का?” मी दोघांना अंगणातच पाइपनं धुतलं.

त्या संध्याकाळचं तुमचं वाक्य मी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. तुम्ही म्हणालात, दणकट गाडी कोणती, तर मोडली तरी घरी आणते ती. एक पाना, थोडी तार, आणि चालू. तो म्हणाला, नाही, दणकट म्हणजे मोडतच नाही ती. मला तेव्हा दोन्ही पटलं होतं. अजूनही कुठलं एक खोडून काढता येत नाही. फक्त आता ते पान उघडलं की वाटतं, आपण तिघंही केवढ्या हुशारीनं बोलत होतो, आणि लोखंडाबद्दलच बोलत होतो.

आता पुढचं. हे आपण कधी बोललो नाही. मी लिहिते, तुम्ही वाचा. मध्येच चुरगाळू नका.

त्याचा खांदा दुखायला लागला तेव्हा तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात, “मागचे पाटे. रिकामा रेडा लाथा घालतो.” ते खरंच होतं. पिकअपचे मागचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की प्रत्येक खड्डा थेट पाठीत येतो. त्यालाही ते पटलं. मलाही. मग तुमचा नियम निघाला, ज्यावर तुमचं सगळं गॅरेज चाललं आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि गाडी चालवून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही. मला तो नियम फार आवडायचा. वर्गात प्रयोग शिकवताना मी मुलांना तुमच्या नावावरच तो सांगते.

आधी सीट बदलली. दुखणं तसंच. मग शॉकअप बदलले. तसंच. मग हौद्यात वाळूची पोती टाकली, रेडा मऊ चालावा म्हणून, आणि तो म्हणाला, थोडा फरक आहे. आपण किती खूश झालो. मला आता वाटतं, त्या आठवड्यात खाण बंद होती, फरक तेवढाच होता. मग पुन्हा दुखायला लागलं, खांद्यातून कोपरापर्यंत, कधी जबड्यात. जबड्याबद्दल त्यानं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “दात आवळून चालवतोस, दुसरं काय. शेळीवर शिकलास तेव्हा असा आवळत नव्हतास.” आणि शेवटी ती अदलाबदल झाली. आठवडाभर तो शेळी नेणार आणि तुम्ही रेडा. पहिल्याच दिवशी तो परत आला, शेळीची किल्ली तुमच्या ताटाशेजारी ठेवली आणि विजयी वीरासारखा म्हणाला, “शेळीतही दुखतं! बघा, रेडा निर्दोष!” तुम्ही म्हणालात, “तुला शेळी चालवता येत नाही, त्यात शेळीचा काय दोष?” लेक हसता हसता पाणी सांडून बसली. मीही हसले. तो उजव्या हातानं डावा खांदा चोळत हसत होता. ते चित्र मला पुसता येत नाही, बाबा. चौघं हसत होतो, आणि प्रयोगाचं उत्तर ताटाशेजारी पडलं होतं. गाडी बदलली तरी दुखतं, म्हणजे दुखणं गाडीत नाही. वर्गातल्या कुठल्याही मुलानं सांगितलं असतं.

मी स्वतःला पुष्कळदा विचारते, असं कसं झालं? आपण निष्काळजी माणसं होतो का? नव्हतो. उलट इतकी काळजी दुसऱ्या कुठल्या घरात घेतली नसेल. पण आपल्याकडे काहीही कुरकुरलं की सगळे गाडीखाली शिरतात. डॉक्टरकडे जायचं ते हाड मोडल्यावर. आणि आपल्या घराण्यात सगळे दणकट, हे तर मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं.

तो गेला त्या दिवसाबद्दल लिहायला मला रोजनिशीतही जमलेलं नाही. तुम्हाला रेडा दिसला तो चढावर, रस्त्याच्या मधोमध, दार उघडं. बाजूचा आरसा फुटलेला. तुम्ही तो आरसा पाहिलात आणि ठरवलंत, रेडा आदळला. सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणालात, “शेळी असती तर माझा पोरगा घरी आला असता.” रेडा घ्यायचा आग्रह माझा होता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यानंतर तुम्ही घर सोडून गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायला गेलात. माझा फोन घेत नाही. लेकीशी बोलता, पण ती मला फोन द्यायला लागली की तुमच्याकडे नेमका आवाज येईनासा होतो. मला राग आला होता, हे खोटं कशाला बोलू? वर्षभर मी त्या वाक्याला मनात उत्तरं देत होते. चांगली चांगली उत्तरं.

कानस थांबली होती. मी धावत वर आले आणि शटरला कान लावला. तुम्ही खोकलात, आणि रेडिओवरच्या माणसाला ‘गप रे’ म्हणालात. मग पुन्हा घासायला लागलात. मी परत गाडीत येऊन बसले आहे. धाप लागली आहे. तुम्हाला काही कळलं नसेल. लिहिते पुढे.

गेल्या महिन्यात खाणीचा मुकादम मला बाजारात भेटला. तुमची चौकशी केली, मग त्याची आठवण काढली. हसत म्हणाला, “वहिनी, तुमच्या माणसाला गाडीनं खिळखिळा केला होता हो. रस्ता संपतो ना, तिथून पुढे पायवाटेनं सामान खांद्यावर न्यावं लागतं. मध्ये एक खडक आहे. तो दर खेपेला त्या खडकावर बसायचा. म्हणायचा, रेड्यानं हाडं ढिली केली मुकादम, जरा बसू द्या. बसला की दोन मिनिटांत ठीक.” मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

बाबा, ‘वरच्या खाणीला जाताना दुखतं’ असं तो सांगायचा. आपण रस्त्याचे खड्डे आठवायचो. गाडीत असताना दुखतं की उतरल्यावर, हे आपण तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. त्यानंही स्वतःला विचारलं नाही. चढावर, खांद्यावर ओझं असताना, गार सकाळी दुखतं, आणि थांबलं की बरं वाटतं. शेळीबद्दल कुणी हेच सांगितलं असतं तर तुम्ही बॉनेट न उघडता सांगितलं असतंत की इंजिनाला हवा पुरत नाही.

आणि आरसा. तो मी बदललेला नाही, आत्ताही माझ्यासमोर तसाच आहे. आरसा फुटला तो मागून आलेल्या ट्रकवाल्यानं घाईत आपली गाडी घासून बाजूनं काढली म्हणून; त्यानं ते मुकादमाला तेव्हाच सांगितलं होतं, तुमच्यापर्यंत पोचवायचा धीर कुणाला झाला नाही. रेडा कुठे आदळला नव्हता. हँडब्रेक ओढलेला होता. गिअर टाकलेला होता. आणि मागच्या चाकाला दगड लावलेला होता. तुम्ही लहानपणी त्याला शिकवलंत तसा, सपाट बाजू चाकाकडे करून. म्हणजे त्याला बरं वाटेना तेव्हा तो खाली उतरला, दगड शोधला, वाकून चाकाला लावला, कारण चढावरची गाडी कुणाच्या अंगावर जाता कामा नये. मग रेड्याच्या पायरीवर बसला. शेळी असती तरी त्यानं तेच केलं असतं. शेळी असती तरी तो तिथेच बसला असता. रेड्यानं त्याला मारलं नाही. तुमच्या पाट्यांच्या निदानानंही मारलं नाही. हे दुसरं वाक्य लिहायला मला वर्ष लागलं, कारण तुमचा राग रेड्यावर नाही आणि माझ्यावरही नाही, हे मला उशिरा समजलं. तुम्ही रोज रात्री काय घोकत असाल ते मला माहीत आहे, कारण तेच मीही घोकते. आता हे मी तुमच्या समाधानासाठी लिहिते की माझ्या, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण खरं आहे.

एवढं मी तुम्हाला कधीतरी लिहिलंच असतं, सावकाश, घरी बसून. पण काल संध्याकाळी लेक तुमच्याशी फोनवर बोलून आली आणि भाकरी मोडता मोडता तिनं मला सांगितलं, “आजोबांची शेळी आता खरंच म्हातारी झाली. स्टेअरिंग जड झालंय म्हणतात. चढावर डावा हात पार खांद्यापर्यंत भरून येतो त्यांचा. उद्या स्टेअरिंगचा बुश काढून घासणार आहेत.” तिला काही कळलं नाही. मी ताट बाजूला सारलं. रात्री फोन केले, तुम्ही घेतले नाहीत. उजाडताच शाळेत रजा कळवली, हृदयाच्या डॉक्टरांकडे आजची वेळ मागून घेतली आणि निघाले. आता कळलं ना, मी कानशीचा आवाज का ऐकत बसले आहे? तुम्ही म्हणाल ते वाक्य, ‘काही नाही, स्टेअरिंगच आहे’, ते मी यापूर्वी एकदा मान्य केलं आहे. पुन्हा करणार नाही. नियम तुमचाच आहे, एका वेळी एकच गोष्ट. म्हणून बुश तसाच राहू द्या, शेळीला हात लावू नका, आधी तुम्हाला तपासू. स्टेअरिंगच निघालं तर परत आणून सोडीन, आणि आयुष्यभर मला हसा. कानस खाली ठेवा. शटर तुम्ही उचलू नका, जड आहे, आतून नुसती कडी काढा, मी उचलते. हे पत्र फटीतून सरकवून मी तिथेच उभी आहे. कडी निघाली नाही तर रेड्याला दोर आहे, टोचन कसं लावायचं तेही मला येतं, तुमचं शटर मोडेल एवढंच. गाडी मी चालवीन. तुम्ही शेजारी बसा आणि वाटभर रेड्याला हव्या तेवढ्या शिव्या द्या. फक्त दम लागला, तर शिवी अर्धी सोडा आणि मला सांगा.

तुमचीच,
मास्तरीण